तापानंतरचे आठ सेकंद

मराठवाड्यातल्या सैन्य आणि पोलीस भरती अकादम्यांचे संचालक, तसेच पहाटे मैदानावर पोरांना पळवणारे सगळे सर यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेचजण मला चेहऱ्यानं ओळखतात. अहमदपूरहून नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं पहाटे पोरं पळतात, त्यांच्या मागून स्कूटीवर बॅटरी धरून जाणारा टकला माणूस म्हणजे मी. आर्मी मेडिकल कोअरमध्ये चोवीस वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. आपल्याकडं फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजरच असतो, तसा मीही मेजर. डॉक्टर मात्र नाही, हे आधीच सांगतो. तापातून उठलेल्या पोराला लगेच पळवू नका आणि प्रत्येकाच्या नोंदी ठेवा, एवढंच मी मागणार आहे; त्याला डॉक्टर रोज लागतही नाही. एक वही, पेन आणि तुमच्या गळ्यातलं स्टॉपवॉच, एवढ्यावर भागतं.

तुम्हाला काही सांगण्याआधी माझी स्वतःची चूक सांगतो.

माझा भाचा. बहिणीची चार एकर कोरडवाहू, सोयाबीनवर सगळा खेळ. पोरगं अग्निवीरची तयारी करत होतं. सोळाशे मीटर ५ मिनिटं २४ सेकंदांत मारायचा. हा आकडा माझ्याकडं लाइट बिलाच्या पाठीमागं लिहिलेला आहे. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी त्याला ताप भरला. डेंग्यू निघाला, प्लेटलेट ९२ हजारांवर आल्या. पाचव्या दिवशी ताप गेला. त्याचा फोन आला, "मामा, ताप उतरलाय, भरती तीन आठवड्यांवर आली. काय करू?"

मी म्हणालो, "हळूहळू सुरू कर. घाम निघाला की अंग मोकळं होतं."

आठव्या दिवशी पठ्ठ्या मैदानावर. वेळ आली ५:४१. म्हणाला, "मामा, तिसऱ्या राउंडला पायात वाळू भरल्यावानी व्हायलंय." मी म्हणालो, डोक्यातून काढ ते. भरतीला ५:३८ लागले. साडेपाचच्या आत आला असता तर ६० मार्क होते, पुढच्या गटात गेला म्हणून ४८ मिळाले. लेखी परीक्षा चांगली गेली होती. मेरिट किती मार्कांनी हुकलं ते इथं लिहीत नाही, बारापेक्षा कमी मार्कांनी हुकलं एवढं पुरे.

हा सल्ला दिला कुणी? ज्यानं अर्धी नोकरी ट्रेनिंग सेंटरच्या एमआय रूममध्ये, म्हणजे फौजेच्या तपासणी दवाखान्यात काढली, त्यानं. तिथं पहाटे सिक रिपोर्टची रांग लागायची. डॉक्टरसाहेब तपासायचे, मी रजिस्टर भरायचो. अटेंड सी म्हणजे पूर्ण आराम, अटेंड बी म्हणजे पीटी-परेड माफ. तापातून उठलेला रिक्रूट थेट मैदानावर जात नसे. सी वरून बी वर, बी वरून हलक्या कामावर, मग पीटी. मैदानावर शिकवणारे उस्ताद लोक कुरकुरायचे, "साहब, बहाना कर रहा है." बहाणे करणारे होतेच. गरम चहाचा घोट घेऊन थर्मामीटर तोंडात धरणारे मी पाहिलेत. पण त्याहून जास्त पाहिले ते गार पाण्याच्या गुळण्या करून ताप लपवणारे. ट्रेनिंगचे दिवस बुडाले तर रेलिगेट व्हायचं, म्हणजे मागच्या बॅचमध्ये ढकललं जायचं, बरोबरची पोरं पुढं जायची, घरी काय सांगायचं, ही भीती तापापेक्षा मोठी. तुमच्या हॉस्टेलातली पोरं याच भीतीत जगतात. फरक एवढाच की तिथं एमआय रूम होती, इथं नाही.

वर्दी उतरवली आणि घरात आलो की मी एमआय रूम विसरलो, गावातला मामा झालो. म्हणून हे पत्र.

आता जरा लांबचं सांगतो. २०२० साली, कोरोनाच्या पहिल्या वर्षात, अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये भरती झालेल्या रिक्रूटांवर एक अभ्यास सुरू झाला. बहुतेक पोरं अठरा ते वीस वर्षांची, वैद्यकीय चाचण्या पास झालेली. म्हणजे तुमच्या मैदानावरची, फक्त खाऊनपिऊन अधिक सुखी. पुढं त्यातल्या ८९९ जणांचा पाठपुरावा केला, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये लॅन्सेट समूहाच्या एका नियतकालिकात आले. दहातल्या जवळजवळ नऊजणांना लागण होऊन गेली होती. लागण झालेल्यांपैकी २४.७ टक्के, म्हणजे चौघांतल्या एकाला, निदान एक तरी लक्षण चार आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलं. त्यातले दहाजण तर असे की लागण झाली तेव्हा त्यांना काहीच झालं नव्हतं, त्रास मागाहून सुरू झाला. त्रास रेंगाळलेल्या या पोरांची धाव त्यांनी महामारीच्या आधीच्या २२,६१२ रिक्रूटांच्या धावेशी ताडून पाहिली. तीन मैलांना सरासरी २५ सेकंद जास्त.

तीन मैल म्हणजे पाच किलोमीटरला थोडे कमी. पंचवीस सेकंद सोळाशे मीटरवर वाटले तर साधारण आठ सेकंद येतात. हिशेब माझा आहे, ढोबळ आहे, आणि सोळाशेची धाव वेगळ्या दमाची असते हेही मला ठाऊक आहे. तरी तो आकडा मनात ठेवा. ५:२५ वाला ५:३३ वर येतो आणि बारा मार्क जातात. मरीनला तेवढ्यानं नोकरी जात नाही. आपल्या पोराची, नोकरी लागायच्या आधीच, जाते.

स्वित्झर्लंडमध्येही असंच. तिथं तरुण पुरुषांना सक्तीची फौजी सेवा असते. २०२० च्या वसंतात एका तळावर कोरोना पसरला. या रिक्रूटांची दमाची चाचणी भरतीच्या वेळी झालेली होती, म्हणून बरं झाल्यावर पुन्हा घेऊन फरक मोजता आला. आजारी पडून उठलेल्यांत साधारण पाचातल्या एकाचा दम दहा टक्क्यांहून जास्त उतरला होता. पूर्ण खरं सांगायचं तर त्याच देशातल्या नंतरच्या अभ्यासात सहा महिने उलटल्यावर बहुतेक तरुण सावरलेले दिसले, काहींच्या वजनात, कोलेस्टेरॉलमध्ये आणि दमात थोडा फरक उरला. म्हणजे घाबरून पोरांना घरी बसवा असं कुणी म्हणत नाही. शरीर भरून येतं. त्याला लागणारा वेळ तुमच्या बॅचच्या वेळापत्रकापेक्षा लांब असतो, एवढंच.

या दोन्ही ठिकाणी फरक दिसला कशामुळं? आजाराच्या आधीचा आकडा कुणीतरी लिहून ठेवला होता म्हणून. याहून मोठं उदाहरण आहे. अमेरिकी फौजेत जवानांच्या एचआयव्ही तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातला उरलेला सीरम वर्षानुवर्षं गोठवून ठेवतात. त्या साठ्यातून एक कोटीहून जास्त जवानांचा मागोवा घेतला. त्यातल्या ९५५ जणांना नोकरीत असताना मल्टिपल स्क्लेरोसिस झाला होता, म्हणजे नसांवरचं आवरण झिजवणारा आजार. जुने नमुने काढून पाहिले तेव्हा कळलं की एपस्टाईन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यानंतर या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो. २०२२ साली ते छापून आलं. तो विषाणू जगात जवळपास सगळ्यांना कधी ना कधी होऊन जातो, आपल्याकडं बहुतेकांना लहानपणीच, आणि त्यातल्या फार थोड्यांना पुढं काही होतं. भिण्याची गोष्ट नाही. पण एखादा व्हायरल किती वर्षांनी आपला माग दाखवतो ते बघा. आणि तो दिसला जुन्या बाटल्या कुणी फेकल्या नाहीत म्हणून. आपण तर मागच्या आठवड्याची वेळसुद्धा लाइट बिलावर लिहितो.

तुम्ही म्हणाल, मेजर, अमेरिकेचा कोरोना सोडा, आपल्याकडचं बोला. बोलतो.

आपल्याकडचा रिक्रूटांचा आजार पिंपात राहतो. आठवड्यातून एकदा, कुठं दहा दिवसांतून एकदा नळ येणार म्हटल्यावर पाणी साठवल्याशिवाय इलाज नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत घराघरांत जे बॅरल आले ते अजून गेलेले नाहीत. डेंग्यू आणि चिकनगुनियाचा डास, एडिस, गटारात वाढत नाही. त्याला असंच स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आरोग्य खातं आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा म्हणतं. तुमच्या पत्र्याच्या शेडमागं चाळीस पोरांच्या आंघोळीचे जे निळे बॅरल आहेत, त्यांना कोरडा दिवस कोण पाळतो? मी एका ठिकाणी झाकण उचलून पाहिलं. आत अळ्या वळवळत होत्या आणि वरच्या दोरीवर फौजी रंगाचे बनियन वाळत होते. ज्यांची अकादमी होती त्यांनी माझ्यादेखत बॅरल उपडं केलं, म्हणून नाव घेत नाही. डासांची पैदास दिसली तर गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात विचारलं तर मिळतात.

चिकनगुनिया तर २००६ साली आपण सगळ्यांनी पाहिला. देशात १३ लाखांवर संशयित रुग्ण नोंदले गेले, मराठवाड्यात घरंच्या घरं भिंतीला धरून चालत होती. ताप चार दिवसांत गेला, पण कित्येकांचे घोटे, मनगटं, गुडघे महिनोनमहिने धरलेले राहिले, काहींचे वर्ष उलटून गेल्यावरही. म्हातारं माणूस काठी घेतं, लोकांना दिसतं. एकोणीस वर्षांच्या पोराचे घोटे सकाळी सुजलेले असतील तर तो काठी घेत नाही. वॉर्मअप जास्त करतो, आणि मग मेडिकल स्टोअरमधून गोळी.

गोळ्या-इंजेक्शनांविषयी दोन शब्द, आणि ते जरा कडक. तापात अंग दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅकची सुई टोचून पोराला पळवायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डेंग्यू असेल तर डायक्लोफेनॅक, ब्रुफेन, ॲस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापाला साधी पॅरासिटामॉल, बाकी डॉक्टर सांगतील ते. दुसरं असं की डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोक्याचा काळ सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप जाताना, रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं, बीपी पडतं. पोटात कळ, उलट्या, हातपाय गार, एकदम गळून जाणं, असं काही दिसलं की दवाखाना. म्हणजे "ताप उतरला, चल मैदानावर" हे वाक्य नेमकं चुकीच्या दिवशी तोंडातून निघतं. माझ्याही तोंडातून निघालं. भाच्याचं नशीब की माझ्या सल्ल्यानं त्याचे फक्त सेकंद गेले.

हृदयाचं सांगतो. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाच सूज आणतात. फार वर्षांपूर्वी कॉक्सॅकी विषाणू टोचलेल्या उंदरांना पोहायला लावून पाहिलं होतं. आराम दिलेल्या उंदरांपेक्षा पोहलेल्यांच्या हृदयाची नासाडी कितीतरी जास्त निघाली. तशी सूज माणसात सापडली तर डॉक्टर तीन ते सहा महिने खेळ बंद करायला सांगतात. कुठं एखादा तरुण पळता पळता कोसळला की पारावर लगेच लशीवर खापर फुटतं. आपल्याच देशातल्या आयसीएमआरनं, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेनं, १८ ते ४५ वयातल्या अशा अचानक मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये छापला. लशीनं धोका वाढलेला आढळला नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. वाढलेला आढळला तो कोरोनानं दवाखान्यात भरती झालेल्यांत, घरात असा मृत्यू झालेला असणाऱ्यांत, मरणाआधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यालेल्यांत, आणि त्याच दोन दिवसांत जबर शारीरिक कष्ट केलेल्यांत. आपल्या धंद्याला लागू असलेलं शेवटचंच आहे.

आणि एकत्र राहणं. माझी आजी कुठल्याही दांडग्या तापाला मानमोडी म्हणायची. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ; ती तिनं पाहिलेली नव्हती, तिच्या सासूनं पाहिली होती. महायुद्धातल्या फौजांबरोबर ती जगभर फिरली. बॅरक आणि ताप यांचं नातं तेवढं जुनं आहे. अमेरिकी रिक्रूटांना ॲडेनोव्हायरस या एकाच विषाणूचा इतका त्रास व्हायचा की त्यांच्यासाठी खास लस होती. ती बनवणं बंद झालं, १९९९ पर्यंत साठा संपला, ताप परत आले, शेवटी २०११ मध्ये लस पुन्हा सुरू करावी लागली. आपल्या हिंगोलीत २०२० च्या एप्रिल-मेमध्ये कोरोनाचा आकडा वाढला तो मुख्यतः मालेगाव-मुंबईचा बंदोबस्त करून परतलेल्या राज्य राखीव दलाच्या जवानांचा होता. त्यांचा काय दोष? खांद्याला खांदा लावून राहणं हीच नोकरी. तुमची पोरं उद्या चाकूरला, मुदखेडला, बेळगावला ट्रेनिंग सेंटरात तशीच राहणार आहेत. पण तुमच्या हॉलमध्ये दोन गाद्यांत वीतभर अंतर ठेवायला आणि माठावर एकच ग्लास न ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग, कारण इथं आपण सगळेच चुकतो. तापानंतर काही पोरं सोमवारी छान पळतात. तुम्ही म्हणता, झालं बरं. बुधवारी तेच पोर अंथरुणातून उठत नाही, डोकं जड, पाय शिसं. जोराचं काम केल्यावर एक-दोन दिवसांनी कोसळणं, ही विषाणूनंतरच्या थकव्याची ओळखच आहे. मैदानावर तिला आळस म्हणतात. मग शिक्षा म्हणून पाच राउंड जास्त, म्हणजे पुन्हा कोसळणं. त्या मरीनमध्येही रेंगाळलेल्या त्रासाबरोबर चिंता आणि उदासी वाढलेली दिसली होती. वीस वर्षांचा पोरगा, बापानं फीसाठी बैल विकलेला, स्वतःचे पाय ऐकत नाहीत आणि सर सगळ्यांसमोर म्हणतात "मोबाईल कमी बघ". तो कुणाला काय सांगणार? माझ्या भाच्यानं चार महिने मला फोन केला नव्हता. बहीण म्हणाली, खोलीत बसून असतो.

मागणी साधी आहे. प्रत्येक पोराच्या नावानं वहीचं एक पान. आला त्या दिवशीची सोळाशेची वेळ, मग दर पंधरवड्याची. पोरांना सकाळी उठल्या उठल्या, गादीवरच, नाडी मोजायला शिकवा आणि तोही आकडा लिहा. ताप आला की तारीख, गेला की तारीख. पॅरासिटामॉल न घेता ताप नाही, असे सात दिवस जाईपर्यंत पळणं बंद; डेंग्यू, कावीळ, चिकनगुनिया असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत. नंतर आधी चालणं, मग हळू पळणं, मग अर्धं अंतर, आणि प्रत्येक पायरीनंतर दोन दिवस वाट पाहणं, कारण हिशेब दोन दिवसांनी येतो. नाडी नेहमीपेक्षा दहानं जास्त असेल तर त्या दिवशी सुट्टी. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर तिथंच थांबून ईसीजी. ग्रंथींच्या तापानंतर, म्हणजे त्याच एपस्टाईन-बार विषाणूच्या, मानेच्या गाठी सुजवणाऱ्या तापानंतर महिनाभर कबड्डी नको, प्लीहा फुगलेली असते. सात दिवसांचा हा आकडा माझा अंदाज आहे, एमआय रूमच्या सवयीतून आलेला. तुमच्या गावच्या एमबीबीएस डॉक्टरांना तो कमी वाटला तर त्यांचं ऐका.

आणि फी. आजारी महिन्याची फी पुढच्या महिन्यात धरा. ताप लपवला जातो तो इथूनच लपवला जायला लागतो. तुमच्या फ्लेक्सवर निवड झालेल्यांचे फोटो असतात, चांगली गोष्ट आहे, मीही त्यांच्याकडं बघून खूश होतो. मला त्या फ्लेक्सच्या मागच्या बाजूचे, तापात पळून मागं पडलेले किती, ते मोजायचेत. ते मोजायला वही लागते.

शंभर पानी वह्यांचे दोन गठ्ठे मी अहमदपूरच्या बाजारातून आणून ठेवलेत. रकाने भाच्यानं आखून दिले, त्याचा हात चांगला आहे. त्याची वेळ सध्या ५:३१ आहे आणि वयाचे आठ महिने उरलेत. ज्यांना वही हवी त्यांनी पहाटे पाचनंतर नांदेड रोडला यावं, बॅटरीवाला दिसेल.

तुमचाच,
एक निवृत्त हवालदार, आर्मी मेडिकल कोअर
तालुका अहमदपूर, जिल्हा लातूर